सॅम्पल फ्लॅटमधली भाडेकरू

ताई : म्हणजे तुझा हिशेब मी मांडते, चुकला तर सांग. ठिपकी नावाचं एक गिनीपिग घरात आणायचं, त्याला महाल बांधायचा, आणि त्या बदल्यात तुझी लेक दर शनिवारी इथे मुक्कामाला येणार. रविवारी संध्याकाळी तिची आई न्यायला आली की लेकीने दारातच म्हणायचं, “बाबाचं घर किती छान!” मग आईचा चेहरा उतरणार. आणखी काही कमाई धरायची राहिली का?

भाऊ : हळू बोल ना ताई. ती आत आहे.

ताई : आत बॅग भरतेय. आज शनिवारच आहे, आणि ती आजच बॅग भरतेय. तू तुझ्या त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सोफ्याच्या उशा फुलवत होतास ना, तेव्हा आम्ही दोघी ठिपकीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो.

भाऊ : डॉक्टरांकडे? काय झालं तिला? सकाळी तर मजेत होती!

ताई : मजेत नव्हती, गप्प होती. तुला तो फरक संसारातही कधी कळला नाही.

भाऊ : झालं सुरू.

ताई : तळवे सुजलेत तिचे. लालबुंद. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न केला, “पायाखाली काय असतं?” लेक म्हणाली, “जाळी.” बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू जाळी मीच विणलीय.

भाऊ : अगं, जाळी मुद्दाम घातली. लेंड्या खाली ट्रेमध्ये पडतात, वर सगळं चकाचक राहतं.

ताई : मग तूही रहा की गटाराच्या झाकणावर अनवाणी. चकाचक राहशील.

भाऊ : तू त्या पिंजऱ्याची कारागिरी तरी बघ. तीन मजले. सागवानी चौकट, जिना, वर गच्ची, आतून दिवे. लोक बघायला येतात!

ताई : लोकच येतात. ठिपकी एकदा तरी चढली का वर? अरे, आखूड पायांचा जीव तो, त्याला जिने झेपत नाहीत. त्याला लांबच लांब जमीन लागते, धावायला. जमीन मागणाऱ्याला तू गच्ची दिलीस, आणि वर तिने टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा.

भाऊ : धावायला चाक ठेवलंय.

ताई : चाकाने पाठ मोडते त्यांची. ते आधी काढून फेक. आणि लपायला काय ठेवलंस? साधं खोकं?

भाऊ : खोकं ठेवलं तर ती दिसणार कशी?

ताई : तिला दिसायचंच नाहीये, शहाण्या! घाबरट प्राणी आहे, सारखा आडोसा शोधतो. तू तिला दुकानाच्या काचेत मांडून ठेवलंस, वर दिवे सोडलेस. आणि गवत? दिवसभर सुकं गवत चघळायला लागतं, नाहीतर दात वाढत सुटतात.

भाऊ : गवताचा कचरा होतो. खाली नवा गालिचा आहे. मी चांगले महागातले दाणे आणले होते.

ताई : रंगीत दाणे. पडद्यांना मॅचिंग. हेही सांगितलं मी डॉक्टरबाईंना, त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, “एकटीच आहे का?” आणि तुझी लेक काय म्हणाली ठाऊक आहे? “नाही, आरसा आहे.”

भाऊ : आरशाने जागा दुप्पट दिसते. तिलाही सोबत वाटते.

ताई : कळपात राहणारा जीव, आणि त्याला तू सोबत म्हणून काच दिलीस! तुझी धंद्यातली सवय रे ही. आरसा लावला की खोली मोठी. पलंग आखूड केला की आणखी मोठी. गिऱ्हाईक येतं, वा वा करतं, सही करून जातं. तिथे रात्री झोपायचं कुणालाच नसतं. ठिपकीला मात्र राहायचं होतं इथे.

भाऊ : बरं, चुकलं. जाळी काढतो, गवत आणतो, जोडीला दुसरी आणतो. तू फक्त लेकीला बॅग ठेवायला सांग. तुझं ऐकते ती.

ताई : ऐकते, कारण मी माप घेते. शिंप्याचं दुकान चालवते मी, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तिच्या युनिफॉर्मची खालची शिवण यंदा दुसऱ्यांदा सोडली. सांग बघू, कुठवर आलीय तुझी पोरगी?

भाऊ : असेल माझ्या छातीपर्यंत.

ताई : तुझ्या कानाला लागतेय. आणि तिच्या खोलीतला तो गुलाबी पलंग? कुठून उचललास?

भाऊ : साइटवरचा आहे. पण कोरा करकरीत, कुणी वापरलेला नाही!

ताई : वापरता येत नाही म्हणून वापरलेला नाही. टेप माझ्या गळ्यातच असते, आत्ता लावून आले. तिच्यापेक्षा वीतभर आखूड आहे तो. पोर गुडघे पोटाशी घेऊन झोपते तुझ्या महालात.

भाऊ : ती कधी बोलली नाही.

ताई : ठिपकी तरी कुठे बोलली?

लेक : आत्या, झाली बॅग. ठिपकीला गवत घालून खोक्यात ठेवलंय. आईला फोन केला होता, तिने घरी जेवणाच्या टेबलाखालची सगळी जागा रिकामी केलीय, खाली जाड चादर टाकून. डॉक्टरबाई तिला मैत्रीणही शोधून देणार आहेत.

भाऊ : आणि पुढच्या शनिवारी?

लेक : येईन ना बाबा. सकाळीच येईन.

भाऊ : मुक्कामाला?

लेक : बघू.

(भाऊ आतल्या खोलीत त्या पलंगापाशी जातो. थोड्या वेळाने परत येतो.)

भाऊ : ताई, तुझी टेप दे जरा.

ताई : घे. आणि हिशेबही पुरा करून घे. शनिवार कमवायचे होते तुला. त्यांची किंमत भरली कुणी? त्या मुक्या जीवाने, तळव्यांनी. तुझ्या खिशाला खरचटलंसुद्धा नाही.

भाऊ : पण पिल्लू, पलंगाचं मला एकदा तरी सांगायचं होतंस.

लेक : तू मला डोळे मिटायला लावून खोलीत नेलं होतंस, आठवतं? मी डोळे उघडले, तर तू पलंगाकडे बघतच नव्हतास, माझ्याकडे बघत होतास. इतका खूश होतास ना बाबा. म्हणून मी म्हटलं, मस्त आहे. आणि पाय दुमडले.