गुडघेबाईंचे दहा मार्क

…नाही, नाही, तो कागद आधी खिशात घाल. कशाचा आहे ते मला न वाचता कळतं — अकरा वर्षं झाली मला या परीक्षांना खोटी पेशंट होऊन, मार्क वाढवून मागायचा अर्ज मी लांबून ओळखते. बस त्या स्टुलावर. ती मोत्यांची माळ जरा बाजूला कर, साहेबीणबाईंची आहे, दुपारच्या तुकडीला लागते. म्हणजे मलाच. सकाळी मी सफाईवाली, दुपारी साहेबीण — गुडघा तोच, दुखणं तेच, वाक्यंसुद्धा तीच. नुसते कपडे बदलायचे आणि बघायचं, तुम्ही होणारी डॉक्टर मंडळी बदलता का. बदलता तर काय. सकाळी 'कुठे दुखतंय?' आणि दुपारी 'बसा ना मॅडम, फार त्रास होतोय का?' माझ्या पाठीमागे सगळे मला गुडघेबाई म्हणतात, माहितेय मला. म्हणोत बापडे.

तर तुझं. काल सकाळची तू, सफाईवालीच्या वाट्याची. दहापैकी तीन. कमी वाटले? मी काय उगाच देते का — फॉर्मवर छापलेलंच आहे, विद्यार्थ्यानं पेशंटला कपड्यांवरून, बोलण्यावरून जोखलं का? आता तू — नाही, तू जोखलं नाहीस, खोटं कशाला बोलू. स्टूल जवळ ओढलंस. माझ्या हातातली बादली घेऊन खाली ठेवलीस — अकरा वर्षांत ती बादली कुणी घेतली नव्हती, तिच्यात खरंच पाणी असतं हे कुणाला ठाऊकही नसेल. गुडघ्याला हात लावायच्या आधी हात चोळून गरम केलेस. सगळं खरं. पण मार्क काय नुसत्या गोडव्याला द्यायचे?

तू दारातून आलीस ना, तेव्हाच मी ओळखलं होतं. ते घड्याळ, तो सेंटचा वास, खाली गाडीचं दार उघडून धरणारा माणूस — असल्यांच्या घरी डॉक्टरकी वारशानं येते, शिकावी लागत नाही. तीन मार्क मी तेव्हाच… म्हणजे पेन्सिलीनं. आधी पेन्सिलीनं लिहिले, तू गेल्यावर त्यावरून पेन फिरवलं. तशी पद्धतच आहे माझी. अगं, माझ्या ताईला अशाच एका घड्याळवालीनं तपासलं होतं. तपासलं कसलं — मान वर न करता 'वयाचं आहे' म्हणाली आणि गोळ्या लिहून दिल्या. ताईनं आठ महिने त्या गोळ्या घेतल्या, नववा महिना काही तिला दिसला नाही. तेव्हापासून मनगटावर तसं घड्याळ दिसलं की माझं डोकं फिरतं. आता त्याला काय पूर्वग्रह म्हणायचं? पूर्वग्रह तुमचा असतो. आमचा तो अनुभव.

आणि चूक तुझीही होतीच की. केस गुडघ्याची, आणि तू माझा गळा काय चाचपत बसलीस? एकदा नाही, तीनदा. वर पाणी प्यायला लावलंस, गिळा म्हणालीस, मागे उभी राहून बोटं लावून बघत राहिलीस. 'हे इथे कधीपासून आहे?' — मला पाठ करायला दिलेल्या कागदावर गळाच नव्हता, मी काय सांगणार? दिलं ठोकून, 'जन्मापासून.' घंटा झाली तरी तू आपली गळ्याशीच. मी शेरा मारला — विषय सोडून भरकटते. काय चुकीचं लिहिलं?

तेव्हा सही मागू नकोस. वर्ष जाईल तुझं, कळतं मला. जाऊ दे, तुमच्याकडे वर्षं पुष्कळ असतात. रडणार असशील तर रुमाल नाही माझ्याकडे. उठलीच आहेस तर ही माळ तरी लावून दे मागून, हूकच पोचत नाही मेला. दोन महिन्यांपूर्वी छान बसायची. दोरा आटला असेल. आता या सोंगाच्या कपड्यांचं कपाट सांभाळणाऱ्या बाईंना सांगून नवीन दोरा… काय बघतेस अशी?

आण तो कागद.

हा अर्ज नाही. हे तर माझं नाव आहे. 'गळ्याच्या गाठीसाठी तातडीनं तपासणी, मंगळवार, सकाळी नऊ' — आणि खाली सही तुमच्या मोठ्या सरांची. म्हणजे तू त्यांच्याकडे जाऊन आलीस. मग मार्कांचं विचारलंस का? …नाही विचारलंस.

मंगळवारी तर दोन तुकड्या आहेत माझ्या. बघते. नाही, बघते काय — जाते. ताईला कुणी असा कागद… असू दे. कालचे फॉर्म वरच्या मजल्यावर गेले असतील ना? पेनानं लिहिलंय, खोडता यायचं नाही, सगळं त्यांना सांगावं लागेल, पेन्सिलीपासून. तू नको येऊस बरोबर. जिना चढते मी, गुडघे ठणठणीत आहेत माझे. जा म्हटलं ना. आणि ती माळ राहू दे तिथेच.