जबाबदार शिक्षकाचं कलम

नाही, तुम्हीच सांगा, कॉलेजचं ऑनलाइन शिक्षणाचं धोरण ठरवायला इतिहासाचा मास्तर कशाला लागतो? पण प्राचार्य म्हणाले, "सर, तुमची भाषा चांगली आहे," आणि बसवलं मला समितीत... चांगल्या भाषेचे भोग, दुसरं काय! समितीत आम्ही तिघं. मी, भौतिकशास्त्राच्या बाई आणि आमचा संगणकवाला, जो समोरचा माणूसही बंद पडलेलाच आणलाय अशा नजरेनं बघतो. पहिल्याच बैठकीत बाईंनी विचारलं, वर्गातला माइक कधीचा मुका झालाय, त्याचं काय? प्राचार्य शांतपणे म्हणाले, "आधी धोरण ठरू द्या." नेट सारखं जातं? आधी धोरण ठरू द्या. वरचा पंखा असा लटपटत होता... तुम्हाला सांगतो, तो डोक्यात पडला असता तरी हा गृहस्थ म्हणाला असता, आधी धोरण!

मग मीही पेटलो. म्हटलं, ठरवूनच टाकू. झोकात कलम लिहिलं, की चित्रित केलेल्या प्रत्येक पाठाला एक जबाबदार शिक्षक असेल, तो मुलांच्या शंकांना आठवड्याच्या आत उत्तर देईल, आणि ज्या पाठाला असा शिक्षक नाही तो पाठ काढून टाकण्यात येईल. बाई म्हणाल्या, वा! प्राचार्यांनी दोनदा वाचलं. वरून मंजूरही झालं. मी आपला फुगून बसलो.

दुसऱ्या दिवशी संगणकवाल्यानं जिन्यात गाठलं. नेहमीची नजर नव्हती. हळूच म्हणाला, "सर, मग आपल्या मॅडमचे पाठ?"

मॅडम म्हणजे आमची ही. संख्याशास्त्र शिकवायची, याच कॉलेजात. जाऊन दोन वर्षं झाली. पाठ सगळे स्वयंपाकघरात केलेले, फळा फ्रिजला टेकवून, आणि सरासरी समजावता समजावता मध्येच मान वळवून म्हणते, "अहो, दूध!" कारण दूध माझ्यावर सोपवलेलं आणि मी पेपरात! तेवढं काढून टाक म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या हो, मुलं तेवढ्यापुरती जागी होतात."

धावत प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, कलम जरा सैल करू या का? ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, आता धोरण ठरलंय." इतकं खालच्या आवाजात म्हणाले की धड रागावताही येईना. तिच्या जागी आलेल्या नव्या सरांना विचारलं, पण त्यांना स्वतःचे पाठ करायचेत, आणि त्यांचंही बरोबरच आहे. मग उरलं कोण? कलमात 'जबाबदार' लिहिलं होतं, 'जाणकार' कुठे लिहिलं होतं? दिलं माझंच नाव!

तर आता सनावळ्या सांगण्यात जन्म गेलेला हा माणूस रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी संख्याशास्त्र शिकतोय. मुलं शंका विचारतात, मी तिचा पाठ लावतो, समजलं तर उत्तर लिहितो, नाही समजलं तर मागे नेऊन पुन्हा ऐकतो. संसारात ही सोय नव्हती. आणि ते "अहो, दूध!" आलं ना, की उठतो हो मी... गॅस बंदच असतो. बघून येतो आपला.

परवा पाठाखालची चाचणी सोडवली. नापास! पडद्यावर सूचना आली, 'पाठ पुन्हा पाहा.'

आता धोरणच ठरलंय म्हटल्यावर... पाहतोय.