सर्दीवरचा डाग

सर्दीले डाग देतात हे आयकलं का बायांनो, मायं डोकं अजून तापते. भातकुलीले कापूस वेचनं जोरात होतं, अन् भाव असा चढला होता का सासऱ्याले दुसरं काही सुचत नव्हतं. त्यातच माया चार महिन्याच्या गन्याले सर्दी झाली. नाक चोंदलं, दूध ओढता येईना, म्हनून मी वावरात गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सासरा डाग देनाऱ्या मानसालेच घरी घेऊन आला. त्यानं इळा चुलीत लालबुंद तापवला.

"पोटावर दोन डाग दिले का सर्दी पयते," सासरा म्हने. "मंग तू वेचाले मोकळी."

मी लेकरू पदराखाली घेतलं. "मामाजी, तुमी बी चार दिवसापासून शिंकून राहिले. पयले तुमी घ्या डाग!"

तो मानूस इळा घेऊन खरंच सासऱ्याकडं वळला. सासरा ताडकन उठला, "अबे, मले जाळतं का?"

"तुमाले जळते, मंग लेकराले जळत नाही?"

त्या मानसाले मी घराबाहेर काढलं अन् ओव्याच्या गरम पुरचुंडीनं गन्याची छाती शेकत बसली. तिसऱ्या दिवशी गन्या पोटभर दूध प्याला.

कापूस वावरात तसाच लोंबून राहिला होता. म्हनलं, लोंबू दे!