किरकिरं सॉफ्टवेअर

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत निवृत्त ड्रायव्हरकाका डोळे मिटून बसले होते. डॉक्टरांना ‘ठणठणीत आहे’ एवढंच सांगायचं, हे त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. शेजारी रंगांची दुकानं चालवणारे बहीण-भाऊ, चाचणीला लावलेल्या दोन सॉफ्टवेअरपैकी कोणतं विकत घ्यायचं, यावरून हुज्जत घालत होते.

“ताई, पहिलंच सॉफ्टवेअर घेऊ. तिन्ही दुकानांचा हिशेब क्लाउडवर एकत्र, आणि पडद्यावर सगळं कसं हिरवंगार!”

“दुसरंही एकत्रच करतं की.”

“करतं, पण किती किरकिर! हे आलं नाही, ते जुळलं नाही.”

“काल मी नाक्यावरच्या दुकानाचं इंटरनेट मुद्दाम बंद ठेवलं होतं.”

“काय? मला न विचारता?”

“विचारलं असतं तर करू दिलं असतंस? तुझं हिरवंगार दिवसभर परवाचाच आकडा दाखवत बसलं.”

“आणि किरकिरं?”

“त्यानं लगेच बोंब मारली. नाक्यावरून काही येत नाही, या आकड्यावर विसंबू नका म्हणून.”

“रोज डोकं खाईल ते.”

“खाऊ दे. तार तुटली तरी ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर मी धंदा करणार नाही. किरकिरंच घ्यायचं.”

“बरं बाई, घे.”

तेवढ्यात काकांचा नंबर लागला. ते आत जाऊन बसले.

“बोला काका, काही त्रास?”

“छे, ठणठ...” काका अडखळले. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. “जिना चढलो की छातीत कळ येते, डॉक्टर. बरेच दिवस झाले.”