फसलेली कथा कुठं पाठवायची

रावेरहून जळगावला निघालेल्या एसटीत समाधान बसला होता. पायाशी बहिणीसाठी आपल्या मळ्यातून घेतलेली केळ्यांची पिशवी होती. पुढच्या सीटवर दोन मैत्रिणी बोलत होत्या, आणि कान काही मिटता येत नाहीत.

"समीक्षा, पुण्याच्या दिवाळी अंकाला कुठली कथा दिलीस?"

"आईवरची. यंदा तीच तेवढी जमलीय. मानधनही बरं देतात."

"आणि ती फसलेली?"

"ती आपल्या पाचोऱ्याच्या अंकाला देऊन टाकते. तिथं काहीही खपतं."

"शेवट तरी नीट कर गं."

"नावापुरतं मानधन देतात, नाजमीन. तेवढ्यासाठी परत कोण बसतं लिहायला?"

"बरं. पुण्याचा अंक तुझ्या घरी कोण वाचतं?"

"कुणीच नाही. आबांना ती भाषा जड जाते."

"मग आबा कुठला वाचतात?"

"पाचोऱ्याचा. चार-पाच प्रती विकत घेतात. गल्लीत ज्याला त्याला बसवून वाचून दाखवतात, पोरीनं लिहिलंय म्हणून."

"मागच्या वर्षीची पण दाखवली? ती घाईघाईत उरकलेली?"

"ती पण."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शेवट माले समजना नही बेटा. मीच अडानी शे."

समाधाननं पायानं पिशवी सीटखाली सरकवली. मळ्यातली चांगली केळी सकाळीच परदेशी जाणाऱ्या बॉक्सांत भरली होती. पिशवीत होती ती त्यातून बाद झालेली. बहीण ती दर वेळी शेजारीपाजारी वाटायची, भाऊच्या मळ्यातली म्हणून.