पट्ट्याखाली एक बोट

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या डायलिसिस विभागाचे डॉक्टर, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती मोठ्या सिस्टर, त्यांची जागा घेणाऱ्या धाकट्या सिस्टर, सर्व कर्मचारी, आणि माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर झोपेचं सोंग घेऊन माझी बडबड टाळणारे माझे सोबती,

निवेदकांनी मला दोनच मिनिटं दिली आहेत. घरी कपाटभर घड्याळं असलेल्या माणसाला दोन मिनिटं, म्हणजे नक्की कुठल्या घड्याळाची, असं मी त्यांना विचारलं. ते हसले नाहीत. तुम्ही हसलात, बरं वाटलं, कारण आज इथं उभं राहताना मला धाकधूक होते आहे. ती कशाची, तेच सांगायला आलोय.

मला इथं सगळे घड्याळकाका म्हणतात. घड्याळं जमवणाऱ्याचं मोठं दुखणं म्हणजे आकार. चौतीस मिलिमीटरचं जुनं घड्याळ वापरता वापरता एकदम चव्वेचाळीसचं बांधलं, तर मनगटावर ताटली ठेवल्यासारखं वाटतं. थोडे दिवस जाऊ द्यायचे. डोळा सरावतो. मग तेच जुनं घड्याळ बाहेर काढलं की बाहुलीचं वाटतं! हा खेळ मी हौसेनं खेळलो. आवड बदलते, हात तोच राहतो, असा माझा पक्का समज होता.

मग आजारपण आलं आणि डावा हात सुयांना द्यावा लागला. त्या हातावर घड्याळाला कायमची बंदी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, तो हात आता आमचा. तुमचे लाड उजव्यावर करा." उजव्यावर सगळं नव्यानं शिकलो. चावी बाहीत अडकायची, डाव्या हाताला बक्कल लावता यायचं नाही. बायको लावून द्यायची आणि वर ऐकवायची, "बघा, शेवटी मीच लागले ना?"

एका उन्हाळ्यात मला लहान घड्याळं नकोशी झाली. बांधली की काचायची. मी मोठी काढली, लांब पट्ट्यांची. काय झोकात दिसायची! विभागात आल्या आल्या मी मनगट पुढे केलं आणि म्हणालो, "सिस्टर, हल्ली मला मोठीच शोभतात."

"काढा ते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना बघायचंय. त्यांनी घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पट्ट्याचा वळ उठला होता, त्याच्याशेजारी अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"तुमची आवड नाही बदललेली काका. हात बदललाय."

मी म्हणालो, "अहो, पण वजन तर ठरल्याइतकंच भरलंय!"

"भरणारच. अंगातलं मांस झडलंय आणि त्याच्या जागी पाणी साठलंय. काट्याला दोन्ही सारखंच."

सांगा बरं, कुठल्या माणसाला अंगावरची सूज ही स्वतःची बदललेली अभिरुची वाटेल? ही चूक करायला संग्राहकच हवा.

त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर हातातलं काम टाकून आले, छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. अध्यक्षमहाराज, मी तेव्हा तुमच्याकडेच पाहत होतो. तोवर मला दम लागला होता. आडवं होता येईना, बसवेना. हवा समोर आहे आणि आत येत नाही, हे किती भयंकर असतं, ते इथल्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना विचारा. काचेपलीकडे बायको उभी होती. तिच्या हातात माझं ते झोकदार घड्याळ होतं, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती, की फेकून देते की काय!

मी विचारलं, "सिस्टर, मी जातोय का?"

"बोलू नका. श्वास घ्या. मी इथंच आहे."

त्या खरंच तिथंच होत्या. यंत्रानं पाणी ओढून घेईपर्यंत हलल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी नियम केला. इथं येताना एकच घड्याळ, एकच पट्टा, एकच भोक. आधी पट्ट्याखाली त्यांचं बोट, मग वजनकाटा. बोट शिरलं नाही, तर काटा काहीही सांगो, अंगात पाणी साठलंय. कपाटभर घड्याळं असलेल्याला ही केवढी शिक्षा! पण मी पाळली. त्या एका बोटाच्या भरवशावर मी रात्री झोपतो.

आणि आता त्या निघाल्या. या आठवड्यात धाकट्या सिस्टरनी काम हाती घेतलं. मुलगी हुशार आहे, पण माझं मनगट पाहील का? आज सकाळी मी मुद्दाम दुसरं घड्याळ बांधून आलो. तिनं वजन घेतलं, हसली, खुर्ची दाखवली. मी बसलो. मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट पाहिलं. त्यांना कळलं होतं! पण त्या दारातच थांबल्या. धाकटीनं सुई उचलली.

सुई तिनं परत ठेवली.

"काका, हे रोजचं घड्याळ नाही."

"नाही," मी म्हणालो.

"मग काकूंना फोन करा. रोजचं घड्याळ आल्याशिवाय सुई लागणार नाही. आणि पुन्हा माझी परीक्षा घेतलीत, तर मी तुमची घेईन."

बायको घड्याळ घेऊन धापा टाकत आली. तिनं मला काय काय ऐकवलं, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. मी वळून पाहिलं, तर मोठ्या सिस्टर दारातून निघून गेल्या होत्या. सिस्टर, तुम्ही डोळे पुसत होतात, असं बायको सांगते. माझेही तेव्हा कोरडे नव्हते.

आता शेवटचं. कामावर मनगटी घड्याळ चालत नाही, म्हणून तुम्ही इतकी वर्षं ते छातीशी अडकवलंत. उद्यापासून मनगट तुमचं. आम्ही खुर्चीवाल्यांनी मिळून तुमच्यासाठी एक घड्याळ घेतलंय. निवड माझी. मोठं की लहान, यावर खूप डोकं खाजवलं, कारण या मनगटावर मी कधी घड्याळ पाहिलंच नाही. आकार चुकला असेल, तर थोडे दिवस जाऊ द्या, डोळा सरावेल.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. दोन मिनिटांची पार वाट लावली, तेवढं निवेदकांनी पोटात घालावं, आणि काही वेडंवाकडं बोललो असेन, तर ते आजाऱ्याचं समजून सोडून द्यावं.

सिस्टर, या पुढे. हात द्या. बक्कल धाकटी लावेल.

पट्ट्याखाली बोट मात्र आज मी घालून बघणार.