दादाच्या सीलबंद डब्या

हॅलो? … हॅलो, कोण? … हां, वंदना. बोल बाळा. … हो, काकाच बोलून राह्यलो, अंबडच्या घरी दुसरं कोण फोन उचलणार. … न्हाई, आवाज बसला न्हाई, दमलो गं. सकाळपासून तुझ्या बाबांच्या रुपयांचे फोटो काढून राह्यलो.

… पाठवले ना. अकरातले सात पाठवले. … आले? मंग? … धुकं? धुकं कशानं दिसंल… हो, हो… अगं ऐक ना. प्लास्टिकची डबी आहे, माय. रुपया आत, वरून सीलबंद. उजेड पडला की डबीच चमकते, रुपया राहतो मागं.

… केली बंद. टूबलाईट बंद केली, फ्लॅश बंद केला. खिडकीपाशी बसलो तर खिडकीचे गज रुपयावर उमटले. गच्चीवर गेलो तर सगळं आभाळच डबीत उतरलं.

… तेही केलं. डबीखाली काडेपेटी टेकवून तिरपी धरली. मंग रुपयावरचा चारमिनार दिसला, पण त्याच्यावर माझं तोंड. सगळ्या रुपयांत मीच. महाराज कीर्तनात सांगतात, जिकडं पाहावं तिकडं देव दिसला पाहिजे. इथं जिकडं पाहावं तिकडं रामकिसन, चष्म्यासकट. … हस, हस.

काळं कापड? … माझ्याकडं काळं कापड कुठून येणार, सगळी पांढरी धोतरं. शेवटी जुनी छत्री काढली, उघडून फोनच्या मागं धरली. एका हातात छत्री, एका हातात फोन. शेजारची नंदाबाई दारातून विचारून गेली, काका, घर गळून राह्यलं का म्हनून.

… पाचच्या आत? आता तीन वाजून गेले. … उशीर बिलकुल चालत न्हाई? … कळलं. फोटो साफ असले तरच प्रदर्शनाच्या पुस्तकात बाबांचं नाव छापतील. कळतं गं मला. चाळीस वर्षं दादानं निजामाच्या वेळचे रुपये जमवले. बाजारात भाजी राहू द्यायचा अन् सराफाच्या दुकानात जाऊन बसायचा. गावानं येडा ठरवला त्याला. तो गेला, पण आता जाणकार लोक त्याचं नाव वाचणार, ते माझ्या हातून राहून जाऊ नये, एवढाच घोर आहे…

काय? … ओरखडे? … रुपयावर? न्हाई न्हाई, रुपये जसेच्या तसे आहेत. … सातही फोटोंत? … गोल गोल. … उजेडाचं काही असंल. फोनही जुना झाला. … पुसली काच. धोतरानं पुसली. … हां. … हॅलो… हो, ऐकून राह्यलो.

…

वंदना, खरं सांगू का. … उजेडाचं काही न्हाई. डब्या घासल्या मी. … राखेनं. … हो, मीच. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू वर बसलेलं होतं ना, म्हनून. … आज सकाळीच. सहाला. … हो, सहाला काकड्याला गेल्तो, पण… … आता तू सगळंच धरून बसलीस तर काय बोलू. … बराबर आहे. घरात राख कुठं ठेवलेली असते तेही मला ठावं न्हाई.

… हळू बोल. ती मागच्या अंगणात आहे. … तुझी काकूच. मी काकड्याहून आलो तर सात डब्या पाटावर उन्हात मांडलेल्या, समईच्या शेजारी. मला म्हनली, "भाऊजींचे रुपये पुण्याला दाखवायचे, अन् असे मळके पाठवता?" इतकी खुशीत होती की मी गुमान डब्या उचलून आत आणल्या. देवाची भांडी घासते तशी घासली तिनं, नारळाच्या शेंडीनं. तिच्या लेखी तेही देवाचंच. … तवापासून छत्री धरून बसलो. वाटलं, तिरपं धरून लपंल. … न्हाई लपत.

… छे, फोडायची कशी? सील तुटलं की रुपया असली असल्याचा तपासणारांचा शिक्का गेला, दादाच सांगायचा. … उरल्यात ना, चार उरल्यात. राख सरली तिची, म्हनून वाचल्या. कपाटात आहेत, कुंकवासकट. … ओल्या मऊ फडक्यानं? नुसतं टेकवायचं, रगडायचं न्हाई. बरं. … चारावर घेतील? … नाव छापतील? … नक्की? … देव भलं करो बाळा तुझं.

… न्हाई, तिला नको सांगू. … अगं, दोन दिवस ताटावर बसायची न्हाई ती. भाऊजींसाठी केलं तिनं. तू म्हण, फोटो छान आले. … खोटं तर खोटं, ते पाप माझ्या माथी. … थांब, देतो. दैवशाला! वंदनाचा फोन. घे.

…

हां, दे इकडं. … हॅलो. काय बोललीस गं? हसत हसत गेली ती. … डब्यांची चमक पाहून सगळे विचारून राह्यले म्हनलीस? … अगं, फोटो छान एवढंच बोलायचं होतं. … न्हाई, घरात न्हाई दिसत. चप्पल घालून बाहेर पडली आत्ताच. … थांब, पाहतो. … वंदना, कपाट उघडंय. … न्हाईत. चारीच्या चारी न्हाईत. … कुठं म्हनजे? नंदाबाईच्या घरी पाणी तापवायची चूल आहे, तिथलीच राख आणते ही, याही घासायला तिथंच गेली असंल. … हो, जातो. … पळवत न्हाई गं आता, पण जातो. अन् तुझ्या तोंडून जे सांगू दिलं न्हाई, ते मलाच सांगावं लागंल, तेही नंदाबाईच्या दारात. … ठेव. ठेव बाळा.